भक्ती बर्वे : आपल्या सर्वांची फुलराणी

१२ फेब्रुवारी हा ज्येष्ठ अभिनेत्री भक्ती बर्वे यांचा स्मृतिदिन. २००१ साली याच दिवशी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर झालेल्या अपघातात त्या गेल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे ५२ वर्षांचे होते. आपल्या मंडळातील साठी ओलांडलेल्या सभासदांना त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. 'ती फुलराणी' एवढे म्हटले की त्यांचा चेहरा, ते टपोरे डोळे आणि तो आवाज समोर उभा राहतो. पण आपल्या मुलांना आणि नातवंडांना हे नाव ठाऊक असेलच असे नाही. फार तर 'जाने भी दो यारों' हा चित्रपट पाहताना, ती संपादक बाई कोण, असे ते विचारतात. त्यांच्यासाठी आणि आपल्या आठवणी ताज्या करण्यासाठी हा लेख.

भक्ती बर्वे यांनी रंगभूमी, आकाशवाणी, दूरदर्शन आणि चित्रपट या चारही ठिकाणी काम केले. लोकांना खळखळून हसवले आणि तितक्याच सहजतेने रडवलेही. विनोदी भूमिका करणाऱ्या स्त्री कलाकाराला आपल्याकडे पुष्कळदा दुय्यम मान मिळतो. नायिका वेगळी आणि हसवणारी बाई वेगळी, अशी वाटणीच झालेली असे. भक्तीताईंनी ही वाटणी मानली नाही. नाटकाची नायिकाही त्याच आणि हसवणाऱ्याही त्याच.

सांगलीचा जन्म

भक्ती बर्वे यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ रोजी सांगलीला झाला. आपल्या निपाणी-चिकोडीकडच्या मंडळींना सांगली म्हणजे काही परका गाव नव्हे. कुणाची सोयरीक तिथली, कुणाचे शिक्षण तिथले, आणि हळदीच्या बाजाराच्या निमित्ताने येणेजाणे तर कित्येकांचे. रेडिओवर आकाशवाणी सांगली केंद्र लावून कामाला लागणारी घरे आपल्या भागात पुष्कळ होती.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी तिथे 'सीता स्वयंवर' सादर केले आणि मराठी नाटकाची सुरुवात झाली. या घटनेमागे कर्नाटकातून सांगलीत आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते. ते खेळ संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी पाहिले आणि तसे काही मराठीत करावे असे भाव्यांना सुचवले. म्हणजे मराठी नाटकाच्या जन्मालाच कन्नड शेजाराचा हात लागलेला आहे. पुढे संगीत नाटकाला ज्यांनी वैभव मिळवून दिले ते अण्णासाहेब किर्लोस्कर तर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. हे सांगण्याचे कारण इतकेच, की मुंबईत गाजलेल्या या अभिनेत्रीची मुळे ज्या मातीत आहेत ती आपल्यापासून फार लांब नाही.

बालनाट्य, आकाशवाणी आणि दूरदर्शन

भक्तीताईंची कारकीर्द घडली ती मात्र मुंबईत. सुधा करमरकर यांनी मुलांसाठी 'लिटल थिएटर' म्हणजेच बालरंगभूमी ही संस्था सुरू केली होती. मुलांची नाटकेही मोठ्यांच्या नाटकांइतक्याच तयारीने, नेपथ्य-प्रकाशयोजनेसह झाली पाहिजेत, असा सुधाताईंचा आग्रह होता. भक्ती बर्वे या संस्थेत तयार झाल्या. बालप्रेक्षक मोठा कठीण असतो. आवडले नाही तर तो टाळ्या वाजवून भिडस्तपणा दाखवत नाही, सरळ चुळबुळ करू लागतो. अशा प्रेक्षकासमोर लहान वयात उभे राहिल्याचा फायदा त्यांना आयुष्यभर झाला असणार.

पुढे त्या आकाशवाणीवर निवेदिका झाल्या. रेडिओवर चेहरा नसतो, हातवारे नसतात. जे काही सांगायचे ते आवाजातूनच. शब्द कुठे तोडायचा, कुठे श्वास घ्यायचा, कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा, याची ही शाळाच होती. त्यानंतर दूरदर्शन आले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि त्या केंद्राच्या सुरुवातीच्या काळात मराठी बातम्या देणाऱ्यांत भक्ती बर्वे होत्या. पुढे चित्रपटात मोठे नाव कमावलेल्या स्मिता पाटील याही त्याच काळात मराठी बातम्या देत असत. कृष्णधवल पडदा, समोर कागद, स्वच्छ उच्चार आणि शांत चेहरा. मुंबई-पुण्याच्या घरांत भक्तीताई अशा रोजच्या झाल्या.

आपल्या भागात मात्र हे सुख उशिरा आले. १९८४ च्या सुमारास देशभर प्रक्षेपण केंद्रे वाढली, पण कर्नाटकातल्या केंद्रांवरून दिल्लीची हिंदी आणि बेंगळुरूची कन्नड कार्यक्रमपत्रिका दिसे. मुंबईचा मराठी कार्यक्रम पाहायचा तर तिकडे नातेवाईकांकडे जावे लागे. त्यामुळे आम्हा सीमाभागातल्या रसिकांची भक्तीताईंशी ओळख झाली ती वृत्तनिवेदिका म्हणून नव्हे. नाटक, वर्तमानपत्रातली परीक्षणे, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी केलेली वर्णने आणि नंतर चित्रपट अशा वाटेने ती झाली.

ती फुलराणी

१९७५ साली इंडियन नॅशनल थिएटरने 'ती फुलराणी' हे नाटक रंगमंचावर आणले. लेखक आणि दिग्दर्शक पु. ल. देशपांडे. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' या इंग्रजी नाटकावरून पुलंनी ते बेतले होते. याच नाटकावरून 'माय फेअर लेडी' हे संगीत नाटक आणि नंतर चित्रपट निघाला, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. नाटकाचे नाव मात्र बालकवींच्या प्रसिद्ध कवितेची आठवण करून देणारे, अस्सल मराठी.

पुलंचे आणि बेळगावचे नाते वेगळे सांगायला नको. इथल्या राणी पार्वती देवी महाविद्यालयात ते काही काळ प्राध्यापक होते. 'गणगोत' मधले रावसाहेब याच गावचे. बेळगावच्या कानडी हेल असलेल्या मराठीला पुलंनी साऱ्या महाराष्ट्रात लाडके करून ठेवले. माणूस कसा बोलतो यावरून तो कसा आहे हे टिपणारा कान त्यांना होता. त्यामुळे शॉचे नाटक त्यांच्या हाती आले तेव्हा ते नुसते भाषांतर राहिले नाही. इंग्लंडमधला वर्गभेद मराठीत आणताना आपल्याकडच्या बोलींचा, जातीपातींचा आणि शहर-खेड्याचा सगळा ताण त्यात आला.

कथा थोडक्यात अशी. मंजुळा साळुंखे ही फुले विकणारी गरीब मुलगी. तोंडाने फटकळ, भाषा रांगडी. भाषाशास्त्राचे प्राध्यापक अशोक जहागीरदार हिची गाठ पडल्यावर ठरवतात की हिला शुद्ध बोलायला, नीट वागायला शिकवून प्रतिष्ठितांच्या समाजात अशी उभी करायची की कुणाला शंकाही येऊ नये. प्राध्यापकांना हा एक प्रयोग वाटतो. ज्या जिवावर तो प्रयोग चालला आहे त्याला काय वाटते, याची चौकशी करण्याचे त्यांच्या मनातही येत नाही. प्राध्यापकाची भूमिका सतीश दुभाषी यांनी केली आणि मंजुळा झाल्या भक्ती बर्वे.

या भूमिकेची अवघड गोष्ट कोणती, याचा विचार करण्यासारखा आहे. रांगडे बोलणारी अभिनेत्री मिळणे कठीण नव्हते. शुद्ध बोलणारीही मिळाली असती. इथे एकाच बाईला आधी अशुद्ध, मग अडखळत शुद्ध, मग उच्चार शुद्ध पण विषय जुनाच, आणि शेवटी खरोखर डौलदार, अशा पायऱ्या प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत चढायच्या होत्या. एक पायरी जरी घाईने चढली तरी नाटक कोसळले असते. त्यात भक्तीताईंचा मूळ पेशा निवेदनाचा. प्राध्यापक जहागीरदारांना जशी मराठी हवी होती तशीच मराठी त्या रेडिओवर आणि दूरदर्शनवर बोलत आल्या होत्या. म्हणजे पहिल्या अंकात त्यांना स्वतःची कमावलेली भाषा पूर्ण विसरायची होती आणि पुढच्या दोन-अडीच तासांत ती पुन्हा नव्याने शिकल्यासारखी दाखवायची होती. हे त्यांनी एकदा-दोनदा नव्हे, हजाराहून अधिक प्रयोगांत केले.

प्राध्यापकावर चिडलेली मंजुळा एकटीच त्याला कसा धडा शिकवायचा याची स्वप्ने रंगवते, ते स्वगत तर दंतकथेसारखे झाले. रागाने फणफणणारी मुलगी, मध्येच स्वप्नात राणीच्या थाटात वावरणारी, पुन्हा भानावर येणारी. हसता हसता तिची कीव यावी आणि कीव येता येता तिचा अभिमान वाटावा, असा तो प्रवेश. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या मुलींनी शाळा-कॉलेजच्या स्नेहसंमेलनांत, वेशभूषा आणि एकपात्री स्पर्धांत ते स्वगत केले. आपल्या भागातल्या गणेशोत्सवांतही ते कितीदा ऐकले असेल याची मोजदाद नाही. करणाऱ्या मुलींपैकी कित्येकींनी मूळ प्रयोग पाहिलेला नसे. तरी हात कमरेवर कसा ठेवायचा आणि मान कशी वेळावायची हे त्यांना ठाऊक असे, कारण ते भक्तीताईंपासून हाताहाती आलेले होते.

पुढे 'ती फुलराणी' इतर गुणी अभिनेत्रींनीही केली. सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष यांनी आपापल्या परीने ती रंगवली. प्रत्येकीच्या वेळी रसिकांनी तुलना केली ती पहिल्या फुलराणीशीच.

मंजुळेचा प्रश्न आणि आपण

'ती फुलराणी' हे विनोदी नाटक आहे, पण त्यातला प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शुद्ध बोलायला शिकलेली मंजुळा आता जायची कुठे? फुलांच्या टोपलीकडे परत जाता येत नाही, कारण ती आता तशी राहिलेली नाही. प्राध्यापकांच्या जगात ती पाहुणी आहे, घरची नाही. भाषा बदलली की माणूस वर चढतो हे खरे, पण चढताना मागचा जिना कुणीतरी काढून घेते हेही खरे.

सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्यातल्या ज्यांनी पुण्या-मुंबईत नोकरी केली त्यांना हा अनुभव आहे. तोंडून सहज काय करूलास, कुठे जाऊलास असे निघाले की समोरचे हसत. हसण्यात वाईट हेतू नसे, पण आपण जरा गप्प होत असू. मग दोन-तीन वर्षांत आपण त्यांच्यासारखे बोलायला लागलो. सुट्टीत घरी आलो की इथले मित्र चिडवायचे, हा बघा पुणेरी झाला. बँकेच्या नोकरीत बदल्यांच्या निमित्ताने आम्ही तर दोन्ही बाजूंना फिरलो. काउंटरवर संकेश्वरचा शेतकरी एक मराठी बोले, खानापूरचा दुसरी, निपाणीचा तंबाखू व्यापारी तिसरी, आणि तिघेही मध्येच कन्नडमध्ये शिरत. हिशेब मात्र सगळ्यांचे चोख असत. भाषेच्या शुद्धतेचा आणि माणसाच्या शहाणपणाचा संबंध नाही, हे त्या काउंटरने आम्हाला शिकवले. पुलंचे नाटक हेच सांगते आणि भक्तीताईंनी ते पटवून दिले.

कारण त्यांची पहिल्या अंकातली मंजुळा कधीच हास्यास्पद वाटली नाही. तिच्या बोलण्याला प्रेक्षक हसत, तिला हसत नसत. हा फरक फार बारीक आहे. बोली भाषा बोलणारे पात्र आले की त्याची टिंगल करून हशा वसूल करणे सोपे असते. आजही कितीतरी विनोदी कार्यक्रमांत तेच चालते. भक्तीताईंच्या मंजुळेला स्वाभिमान होता आणि तो शुद्ध भाषेबरोबर आलेला नव्हता, आधीपासूनच होता. शिक्षणाने तिला तो मांडण्याचे शब्द मिळाले, इतकेच.

पुढे दूरदर्शनसाठी त्यांनी बहिणाबाई चौधरींची भूमिकाही केली. लिहिता-वाचता न येणाऱ्या, खानदेशच्या बोलीत ओव्या रचणाऱ्या या कवयित्रीचे आयुष्य पडद्यावर आणताना पुन्हा तोच मुद्दा होता. बोलीत सांगितलेले शहाणपण तितक्याच आदराने उच्चारायचे.

जाने भी दो यारों

१९८३ साली कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारों' हा हिंदी चित्रपट आला. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या मदतीने अगदी थोड्या पैशांत तो तयार झाला होता. नसीरुद्दीन शाह, रवि बासवानी, पंकज कपूर, ओम पुरी, सतीश शाह, नीना गुप्ता अशी सगळी पुढे मोठी झालेली मंडळी त्यात होती. भक्ती बर्वे यांनी त्यात शोभा सेन ही भूमिका केली. 'खबरदार' नावाच्या नियतकालिकाची ही संपादक. दोन भोळ्या छायाचित्रकारांना हाताशी धरून ती बिल्डर आणि अधिकाऱ्यांचा भ्रष्टाचार उघड करायला निघते. आधी ती सत्याची कैवारी वाटते आणि मग हळूहळू कळते की हाती आलेल्या पुराव्याचा सौदा करण्यात तिला अधिक रस आहे.

या चित्रपटात सगळे हसवतात, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. भक्तीताईंनी चेहऱ्यावर एकही विनोदी भाव न आणता ही भूमिका केली आहे. कामात व्यग्र, रुबाबदार, गोड बोलून काम काढून घेणारी बाई. नसीरुद्दीन शाह यांचा विनोद तिच्यावर लट्टू होतो आणि ती ते ओळखून त्याचा उपयोग करून घेते. मंजुळेने जशी सगळी शक्ती मोकळी सोडली होती, तशी इथे ती आवरून धरलेली दिसते. एकाच अभिनेत्रीची ही दोन टोके मुद्दाम एकापाठोपाठ पाहावीत.

चित्रपट आला तेव्हा फार चालला नाही. दूरदर्शनवर दाखवल्यावर मात्र तो घराघरांत पोचला आणि आज हिंदीतल्या उत्तम विनोदी चित्रपटांत त्याचे नाव घेतले जाते. भ्रष्ट पुलांचे आणि इमारतींचे विषय दुर्दैवाने जुने झालेले नाहीत.

आई निवृत्त होते तेव्हा

आम्हा निवृत्त मंडळींच्या जिव्हाळ्याचे भक्तीताईंचे नाटक म्हणजे अशोक पाटोळे यांचे 'आई रिटायर होतेय'. नवरा नोकरीतून निवृत्त होतो. त्याला आता विश्रांती, छंद, मानसन्मान. मग आई म्हणते, मीही निवृत्त होणार. इतकी वर्षे स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचे आजारपण, सणवार सांभाळले, आता पुरे. एवढ्या साध्या घोषणेने सगळे घर हादरते. आई जाणार कुठे नाही, ती घरातच आहे, फक्त काम करणार नाही. तेवढ्याने कळते की घर कुणाच्या खांद्यावर उभे होते.

आम्ही निवृत्त झालो तेव्हा शाखेत सत्कार झाला, हार-नारळ मिळाले, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनचे कागद झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उशिरा उठलो, आणि चहा नेहमीच्या वेळेला तयार होता. तो कुणी केला, असा प्रश्न आमच्या पिढीतल्या फार थोड्या पुरुषांना पडला. हे नाटक हसवत हसवत नेमका तोच प्रश्न विचारते. भक्ती बर्वे यांनी ही आई रडकी केली नाही आणि भांडखोरही केली नाही. थकलेली, पण विनोदबुद्धी शाबूत असलेली बाई त्यांनी उभी केली. म्हणून नाटक पाहून घरी जाताना नवरे मंडळी जरा विचारात पडलेली असत आणि बायका मोकळ्या मनाने हसत असत.

या नाटकाला स्त्रियांनी भरभरून प्रतिसाद दिला यात नवल नाही. फुलराणीतली तरुण मुलगी पाहायला ज्या मुली आईबरोबर आल्या होत्या, त्या आता स्वतः संसारी झाल्या होत्या. त्यांची नायिकाही त्यांच्याबरोबर मोठी झाली होती. अभिनेत्रीचे वय वाढले की तिच्या वाट्याला येणाऱ्या भूमिका कमी होत जातात. भक्तीताईंनी वयाशी भांडण केले नाही, त्या वयालाच शोभतील अशा भूमिकांतून पुढे गेल्या.

विनोदापलीकडे

केवळ हलकीफुलकी नाटकेच त्यांनी केली असे नाही. अविनाश मसुरेकरांबरोबरचे 'हँड्स अप' सारखे नाटक एकीकडे, तर दुसरीकडे ब्रेख्तच्या नाटकावरून चिं. त्र्यं. खानोलकर यांनी लिहिलेले आणि विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेले 'अजब न्याय वर्तुळाचा'. पुढे अजित दळवी यांचे 'गांधी विरुद्ध गांधी' आले. दिनकर जोशी यांच्या गुजराती कादंबरीवर आधारलेल्या या नाटकात महात्मा गांधी आणि त्यांचा थोरला मुलगा हरिलाल यांच्यातला दुरावा आहे. भक्तीताई त्यात कस्तुरबा होत्या. देशाचा बाप झालेला नवरा आणि बापाला पारखा झालेला मुलगा यांच्यामध्ये उभी असलेली आई. ज्यांनी त्यांना मंजुळा म्हणून लक्षात ठेवले होते त्यांच्यासाठी ही बा म्हणजे नवीच ओळख होती. १९९८ च्या गोविंद निहलानी यांच्या 'हजार चौरासी की माँ' या हिंदी चित्रपटातही त्या होत्या.

१९९० साली संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार देऊन गौरविले. विनोदी भूमिकेने घराघरांत पोचलेल्या एका अभिनेत्रीचा हा राष्ट्रीय पातळीवरचा सन्मान होता.

शफी इनामदार

भक्तीताईंचा विवाह शफी इनामदार यांच्याशी झाला. १९८४ साली दूरदर्शनवर आलेली 'ये जो है जिंदगी' ही मालिका आठवते ना? त्यातले रणजित म्हणजे शफी. स्वरूप संपत, राकेश बेदी, सतीश शाह यांच्याबरोबरच्या या मालिकेने शुक्रवारची रात्र सगळ्या देशाची करून टाकली होती. आपल्या भागात मराठी कार्यक्रम दिसत नव्हते, पण ही हिंदी मालिका दिसत होती. त्यामुळे गंमत अशी की आपल्याकडच्या अनेक घरांत भक्तीताईंच्या आधी त्यांचे यजमान ओळखीचे झाले.

शफी हेही मुळात रंगभूमीचे. अभिनेते आणि दिग्दर्शक. घरात दोघेही नाटकवेडे, दोघांचीही विनोदावर पकड. पण मार्च १९९६ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने शफी अचानक गेले. त्यांचे वयही जाण्याचे नव्हते. या दांपत्याला मूल नव्हते. भक्तीताई एकट्या पडल्या, तरी काम सोडून त्या घरी बसल्या नाहीत. रंगमंचावर उभ्या राहत राहिल्या आणि लोकांना हसवत राहिल्या. पडद्यामागे काय आवरून त्या समोर येत असतील, याचा अंदाज ज्यांनी जोडीदार गमावला आहे तेच करू शकतील.

अखेरचा प्रवास

१२ जून २००० रोजी पु. ल. देशपांडे गेले. आपल्याला फुलराणी देणाऱ्या पुलंचे ऋण भक्तीताई मानत. 'पु. ल., फुलराणी आणि मी' हा त्यांचा कार्यक्रम म्हणजे त्या भूमिकेच्या आणि लेखकाच्या आठवणींचा होता.

फेब्रुवारी २००१ मध्ये त्या वाईला गेल्या होत्या. तिथून मुंबईला परतत असताना द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्यात त्यांचा अंत झाला. पुलंना जाऊन पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. नाटकवाल्यांचे आयुष्य रस्त्यावरचेच असते. रात्री प्रयोग, मग बस किंवा गाडी, पहाटे दुसरे गाव. आपल्या गावातल्या प्रयोगासाठी येणारे कलाकार असाच प्रवास करून येतात, हे आपण टाळ्या वाजवताना विसरतो.

आपण काय करू शकतो

नाटक ही पाण्यावरची रेघ आहे असे म्हणतात. प्रयोग संपला की तो संपतो. भक्ती बर्वे यांच्या हजारभर प्रयोगांपैकी आज आपल्या हाती फारच थोडे आहे. फुलराणीच्या स्वगताची ध्वनिचित्रफीत इंटरनेटवर पाहायला मिळते आणि 'जाने भी दो यारों' सहज उपलब्ध आहे. सभासदांना आमची विनंती आहे, की या दोन्ही गोष्टी एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुला-नातवंडांबरोबर बसून पाहाव्यात. इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकणाऱ्या मुलांना मराठी वाचायला कंटाळा येत असेल, पण ऐकायला आणि हसायला येत नाही. भाषेची गोडी पुष्कळदा कानातूनच आत शिरते.

आणि आणखी एक. आपल्या घरातल्या मुलीने स्नेहसंमेलनासाठी ते स्वगत पाठ केले, तर तिला पहिल्या अंकातली मंजुळा पुण्या-मुंबईच्या बोलीत करायला लावू नका. आपल्या इथल्या बोलीत करू द्या. तिच्या आजीच्या तोंडचे अक्का, अण्णा, अप्पा त्यात येऊ देत. मंजुळा कुठल्याही गावची असू शकते, ती निपाणीच्या बाजारातही फुले विकत बसलेली असू शकते. तिचे बोलणे ऐकून लोक हसतील, पण तिला हसणार नाहीत, एवढे सांभाळले की भक्तीताईंना वाहिलेली ती खरी आदरांजली ठरेल.